भौतिकशास्त्राची शिंपीण

नंदिनी सोमकुवर दोन वर्षं आखातातल्या एका शाळेत नववी-दहावीला भौतिकशास्त्र शिकवत होती, आणि त्याच दोन वर्षांत तिथल्या सरकारदरबारी ती बायकांचे कपडे शिवत होती. एकाच बाईला एकाच वेळी ही दोन कामं कशी जमतात, असा प्रश्न कोणाला पडला नाही. पहिलं काम फळ्यावर चालायचं. दुसरं तिच्या ओळखपत्राच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेलं होतं: 'हुद्दा – शिंपी (महिला)'.

त्या देशाचं नाव सांगून उपयोग नाही. नागपूरच्या नारी रोडवरच्या तिच्या शेजारणीपाजारणींच्या लेखी समुद्रापलीकडचे सगळे देश म्हणजे दुबई.

नंदिनी मूळची खापरखेड्याची. वडील रविंद्रराव तिथल्या वीज केंद्रात कंट्रोल रूमला होते. तीस वर्षं तिन्ही पाळ्यांमध्ये समोरच्या मीटरच्या काट्यांकडे बघत बसणं हे त्यांचं काम, त्यामुळे न बोलता वाट बघण्यात त्यांचा हात धरणारा सापडणं कठीण. निवृत्तीनंतर त्यांनी नागपुरात नारी रोडला दोन खोल्यांचं घर बांधलं. नंदिनीने एम.एस्सी. केलं, बी.एड. केलं, आणि शहरातल्या एका नावाजलेल्या संस्थेत तिला तासिका तत्त्वावर नोकरी लागली. तासिका तत्त्व म्हणजे तास सुरू झाला की तुम्ही शिक्षक आणि घंटा झाली की तुम्ही कोणी नाही. असं रोज चार वेळा कोणीतरी होत आणि चार वेळा कोणी नाही होत तिने सात वर्षं काढली.

त्या संस्थेच्या अध्यक्षांना शिक्षणाची इतकी कळकळ, की शिक्षकांच्या मूळ पदव्या ते स्वतःच्या कपाटात कुलपात ठेवत. बाहेर चोऱ्या फार होतात ना. नंदिनीला परदेशातली जाहिरात दिसली तेव्हा पहिलं काम या कपाटातून पदवी बाहेर काढण्याचं होतं. तिने तीन अर्ज दिले, तिन्ही 'विचाराधीन' झाले. शेवटी रविंद्रराव डबा घेऊन गेले आणि अध्यक्षांच्या दालनाबाहेरच्या बाकावर सकाळी दहा ते संध्याकाळी सहा बसून राहिले. कोणाशी भांडले नाहीत, काही मागितलं नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी दुपारी शिपायाने पाकीट आणून त्यांच्या हातात दिलं.

"साहेब म्हणते, उद्यापासून येऊ नका."

"नाई येत," रविंद्रराव म्हणाले आणि डबा संपवून घरी आले.

परदेशी पाठवण्याचं काम आनंदराव नावाच्या एजंटाने केलं. त्याचं ऑफिस नागपूरजवळच्या वाडीला, ट्रान्सपोर्टच्या गोदामांच्या रांगेत, एका टायरच्या दुकानाच्या वर. क्रेनवाले, ट्रकवाले, वेल्डर पाठवता पाठवता त्याने शिक्षकही पाठवायला सुरुवात केली होती. भिंतीवर विमानाचं मोठं चित्र होतं आणि खाली ट्रक मागे घेताना जो आवाज होतो तो सतत चालू होता.

तिकडे पोचल्यावर तीन आठवड्यांनी नंदिनीच्या हातात ओळखपत्र पडलं. तिने आधी समोरून पाहिलं, मग मागून पाहिलं, मग आनंदरावला फोन लावला.

"मॅडम, टेन्शन काहून घेऊन राहिल्या?" आनंदराव म्हणाला. "शाळेचा शिक्षकाचा कोटा संपला होता, शिंप्याचा शिल्लक होता. व्हिसा म्हणजे व्हिसा. मागं काय लिहिलं हे कोण वाचते?"

"पण शाळेकडे शिंप्याचा कोटा कशाला?"

आनंदरावने थोडा विचार केला. "पोरं कपडे घालूनच येत असतील ना मॅडम."

नंदिनीने फोन ठेवला.

शाळा तीन बंगल्यांत मिळून भरायची. कारभार पाहायचे गिरिधर सुमंत, नागपूरच्याच धंतोलीचे. पहिल्याच दिवशी त्यांनी नंदिनीचा पासपोर्ट मागून घेतला आणि तिजोरीत ठेवला. "आपण एका गावचे," ते म्हणाले. "माझ्याकडे असला म्हणजे तुमच्याकडेच असल्यासारखा." कपाटात कागद ठेवणाऱ्या माणसांची नंदिनीला सवय होती. तिला वाटलं, शिक्षणक्षेत्र सगळीकडे सारखंच असतं, फक्त कुलूप बदलतं.

व्हिसा शाळेचा, म्हणजे शाळा आहे तोवर तुम्ही देशात. शाळा सुटली की देशही सुटला. दुसरीकडे जायचं तर आधीच्या मालकाने लेखी सोडायला हवं. त्या कागदाला स्टाफरूममधले मराठी लोक सोडचिठ्ठी म्हणायचे, आणि ज्या हळू आवाजात म्हणायचे त्यावरून ती किती जणांना मिळाली असेल हे कळायचं.

स्टाफरूममध्ये नंदिनी एकटीच वेषांतरात नव्हती. जीवशास्त्राच्या बाई कागदावर स्वयंपाकात मदत करायच्या आणि गणिताचे सर माळी होते. एरवी याने काही अडत नसे. शिक्षण खात्याचे निरीक्षक येणार असले की मात्र सुमंत या सगळ्यांना मागच्या बंगल्यातल्या एका खोलीत नेऊन बसवत आणि वर्गावर दुसऱ्या शाखेतून उसने आणलेले, खरोखर शिक्षक असलेले शिक्षक उभे करत. अशाच एका दिवशी निरीक्षकाने चुकून ती खोली उघडली.

"हा आमचा गणवेश विभाग," सुमंत तत्काळ म्हणाले.

नंदिनी वर्गातून घाईत आली होती, हातात बहिर्वक्र भिंग होतं. तिने ते डोळ्यापाशी नेलं आणि दुसऱ्या हाताने, जणू सुईत दोरा ओवतेय, अशी चिमूट धरली. निरीक्षकाने समाधानाने मान हलवली. माळी सर खिडकीतल्या प्लॅस्टिकच्या झाडाला पाणी घालायला लागले होते. नंतर सगळे खूप हसले. नंदिनीही हसली. खोलीवर जाऊन मात्र तिने ते भिंग बराच वेळ पुसलं. प्रकाशाच्या ज्या धड्यावर तिचं सगळ्यात जास्त प्रेम होतं, त्या धड्याचं साधन तिने लपण्यासाठी वापरलं होतं, आणि तिला ते इतकं छान जमलं होतं.

त्याच महिन्यात तिने शहरातल्या एका मोठ्या शाळेत अर्ज केला. त्यांनी नमुना तास घ्यायला लावला आणि दुसऱ्या दिवशी पत्र पाठवलं: शिक्षिका म्हणून व्हिसा देतो, मे अखेरपर्यंत रुजू व्हा, फक्त सोडपत्र आणा. तिचा करार एकतीस मार्चला संपत होता. ती सुमंतांकडे गेली.

"दुसरी शाळा?" सुमंतांनी चष्मा काढला. "मॅडम, तुम्ही शिंपी आहात. शिंप्याला कोणती शाळा शिक्षक म्हणून घेईल? नियमात बसत नाही."

"तुम्ही घेतलंच की."

"आम्ही माणुसकीने घेतलं," सुमंत म्हणाले. "आणि तुमचा करार आम्ही पुढे दोन वर्षं वाढवलाय. तुम्हाला त्रास नको म्हणून विचारलं नाही."

वार्षिक परीक्षेनंतर दहा दिवसांची सुट्टी असते. आई आजारी आहे असं सांगून नंदिनीने सुट्टीपुरता पासपोर्ट मिळवला. सुमंतांनी निक्षून सांगितलं, पाच एप्रिलला हजर नाही झालात तर 'पळून गेल्या' अशी नोंद होईल आणि मग या देशात पुन्हा पाऊल ठेवता येणार नाही. एक गाव असल्यामुळे त्यांनी हे आपुलकीने सांगितलं.

नागपूरला आल्यावर पाच एप्रिल गेला आणि नंदिनी गेली नाही. करार संपल्याचं आणि वाढवायला आपली संमती नसल्याचं तिने शाळेला लेखी कळवलं होतं, तरी रोज सकाळी पळून गेलेल्या माणसासारखी जाग येई. नारी रोडला हे लगेच लक्षात आलं. लग्नाचं विचारणं लोकांनी दोन वर्षांपूर्वी, तिची चौतिशी उलटल्यावर, कंटाळून सोडलं होतं. बिचाऱ्यांना विचारायला काही उरलं नव्हतं. आता त्यांना नवा प्रश्न मिळाला.

"कधी जाऊन राहिली वं परत?" समोरच्या भागीरथा मावशीने दुसऱ्याच दिवशी विचारलं. दोन दिवसांनी तिने हाच प्रश्न नंदिनीच्या आईला, प्रेमिलाबाईंना विचारला. आणि प्रेमिलाबाई, ज्यांना तीन वाक्यांपलीकडे खोटं सांभाळता येत नसे, त्यांनी व्हिसाची सगळी भानगड सांगून टाकली.

दुसऱ्या दिवशी भागीरथा मावशी चार ब्लाउजपीस आणि मापाचा एक जुना ब्लाउज घेऊन आली.

"तिकडं शिवते म्हणे तू. पाठीचा गळा थोडा मोठा ठेव. दुबईच्या फॅशनचा."

"मावशी, मी शिकवते. ते नुसतं कागदावर आहे."

"तं कागद काय खोटा हाये? सरकारचा हाये ना?" मावशीने ब्लाउजपीस दिवाणावर ठेवले. "घाई नाई. लग्न मे महिन्यात हाये."

मावशी गेल्यावर प्रेमिलाबाई ब्लाउजपिसांच्या घड्या करत बसल्या. "इथंच राह्य ना वं नंदू," त्या म्हणाल्या. "इथं काय शाळा नाईत?"

"आहेत ना आई. चार वेळा कोणीतरी, चार वेळा कोणी नाही."

आईला ते कळलं नाही, पण लेकीचा आवाज कळला.

तक्रार करायची कल्पना रविंद्ररावांची. "त्याइच्या देशात कामगार खातं नाई का?" त्यांनी पेपरमधून डोकं वर न काढता विचारलं. होतं. त्याचं संकेतस्थळ होतं, त्यावर तक्रारीचा फॉर्म होता, आणि बाहेरगावी असलेल्यांसाठी व्हिडिओवर सुनावणीची सोय होती. ही सोय दोन वर्षांत स्टाफरूममध्ये कोणालाच माहीत नव्हती, कारण कोणी शोधली नव्हती. सोडचिठ्ठीवर हळू आवाजात बोलण्यात सगळ्यांचा वेळ जात होता. नंदिनीने फॉर्म भरला. सुनावणीची तारीख आली तेरा एप्रिल, दुपारी बारा.

तेरा एप्रिलला बारा वाजता नागपुरात माणसं घराबाहेर पडत नाहीत. कूलर चालू ठेवला तर आवाजात काही ऐकू येईना, म्हणून रविंद्ररावांनी तो बंद केला. पाच मिनिटांत खोलीची भट्टी झाली. नंदिनी पलंगावर लॅपटॉप ठेवून, शाळेत नेसायची तीच साडी नेसून बसली. प्रेमिलाबाई कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर उभं राहून तिला हातपंख्याने वारा घालत होत्या. रविंद्रराव दाराशी खुर्ची टाकून बसले, जणू अजून पाळी सुरू होती.

पडद्यावर अधिकारी बाई आल्या. वयस्क, शांत, डोक्यावरून ओढणी, समोर चहाचा ग्लास. दुसऱ्या चौकोनात गिरिधर सुमंत, एसीमध्ये, कोट घालून.

"तुमचा हुद्दा शिंपी," बाई इंग्रजीत म्हणाल्या. "तक्रार काय?"

"करार संपला आहे. शाळा सोडपत्र देत नाही."

"आम्हाला यांची नितांत गरज आहे," सुमंत म्हणाले. "कुशल शिंपी मिळत नाहीत."

"शाळेत शिवणयंत्रं किती?"

सुमंतांनी कोटाचं बटण लावलं. "तीन."

एवढ्यात गल्लीतून आवाज आला, 'हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग, वन टू थ्री', आणि त्यामागून ढोलाचा एक तुकडा असा घुमला की लॅपटॉप हलला. रविंद्रराव उठले आणि उन्हात बाहेर गेले.

"हा आवाज कसला?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"उद्या जयंती आहे, मॅडम. त्याची तयारी."

"कोणाची जयंती?"

नंदिनीने घाम पुसला. एवढ्या वेळात किती सांगणार. "खूप मोठे होते ते. एकेकाळी आमच्या देशाचं कामगार खातंसुद्धा त्यांच्याकडे होतं."

"अच्छा," बाई म्हणाल्या आणि आपल्याच खात्यातल्या ज्येष्ठाचं नाव निघावं तशी त्यांनी आदराने मान झुकवली. बाहेरचा ढोल थांबला. रविंद्रराव लालबुंद तोंडाने आत येऊन पुन्हा खुर्चीवर बसले.

नंदिनीने एकेक कागद कॅमेऱ्यापुढे धरला. शाळेच्या शिक्क्याचं वेळापत्रक, आठवड्याला सत्तावीस तास. दहावीच्या प्रात्यक्षिकांच्या गुणांची यादी, खाली 'विषय शिक्षिका' म्हणून तिची सही, शेजारी सुमंतांची. "यातला शिवणाचा तास कोणता, तो सरांनी दाखवावा," ती म्हणाली. वाक्य तिने सकाळपासून पाठ केलं होतं.

बाईंनी चहाचा घोट घेतला. "सर, मला एकच ओळ लिहायची आहे, तुम्ही मदत करा. या शिंपी असतील, तर तुम्ही शिंप्याकडून भौतिकशास्त्र शिकवून घेतलंत. ते मला शिक्षण खात्याला कळवावं लागेल. या शिक्षिका असतील, तर तुम्ही खोट्या हुद्द्यावर परवाना घेतलात. तो विषय माझ्याकडेच आहे. काय लिहू?"

"आवाज तुटतोय," सुमंत म्हणाले आणि त्यांचा चौकोन काळा झाला.

अकरा मिनिटं तो काळाच राहिला. अधिकारी बाईंनी चहा संपवला. इकडे प्रेमिलाबाईंनी पंख्याचा हात बदलला. मग सुमंत परत आले आणि म्हणाले, की शाळा कर्मचाऱ्यांच्या प्रगतीच्या आड कधीच येत नाही, 'पळून गेल्या'ची नोंद मागे घेतो आणि सोडपत्र आजच पाठवतो.

ते खरंच संध्याकाळी आलं. नंदिनीने मोठ्याने वाचून दाखवलं. 'श्रीमती सोमकुवर यांना शिंपी या पदावरून मुक्त करण्यात येत आहे. त्यांचे शिवणकाम समाधानकारक होते.'

रविंद्रराव आयुष्यात फार थोड्या वेळा हसले असतील. त्यातली ही एक वेळ.

हसणं चार दिवस टिकलं. नव्या शाळेने कळवलं की सोडपत्र पोचलं, आभारी आहोत, पण शिक्षक परवान्यासाठी शिकवण्याचा किमान दोन वर्षांचा अनुभव लागतो आणि यात अनुभव शिवणाचा दिसतो. नागपूरच्या संस्थेकडे विचारलं तर तिथल्या बाबूने सांगितलं, तासिका तत्त्वाला अनुभव म्हणत नाहीत, 'सेवा उपलब्ध करून देणे' म्हणतात. नऊ वर्षं शिकवून झाल्यावर, छत्तिसाव्या वर्षी, नंदिनी सोमकुवर अधिकृतपणे नवशिकी ठरली. नव्या शाळेने धीर दिला, की अशा होतकरू उमेदवारांसाठी आमच्याकडे एक वर्षाचं प्रशिक्षण असतं. भिंग कसं धरायचं इथपासून सगळं शिकवतात.

त्या दिवशी ती जेवली नाही. भागीरथा मावशीचे ब्लाउजपीस तिने गल्लीच्या टोकाच्या टेलरकडे नेऊन टाकले आणि त्याला सांगितलं, गळा मोठा ठेवा. मावशीला ब्लाउज इतके आवडले की नंदिनीचा हात फार साफ आहे असं तिने आणखी सहा घरांत सांगितलं. खऱ्या कामाचं प्रमाणपत्र कोणी देत नव्हतं आणि न केलेल्या कामाची कीर्ती घरोघरी पसरत होती.

एप्रिलच्या शेवटी सुमंतांचा फोन आला. आवाज बदललेला होता, धंतोलीचा झाला होता.

"मॅडम, तो फॉर्म. कामगार खात्याचा. तो कुठे सापडतो?"

"कोणासाठी?"

"मला इथे अकरा वर्षं झालीत," सुमंत म्हणाले. "पुण्याला मुलीकडे जायचंय. मालक सोडत नाहीत. पासपोर्ट त्यांच्याकडे आहे."

"तुमच्या तिजोरीत असतो ना?"

"किल्ली त्यांच्याकडे असते."

नंदिनीला हे ऐकून आनंद व्हायला हवा होता. थोडासा झालाही. "तुमच्या कार्डावर काय आहे, सर?"

"भांडार मदतनीस," सुमंत म्हणाले.

कोट घालून एसीत बसलेला तो चौकोन तिला आठवला. "लिंक पाठवते," ती म्हणाली. "कोणते कागद लावायचे तेही लिहून देते. पण मला पत्र द्या. दोन वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं, एवढंच. खरं आहे तेवढंच."

"मॅनेजमेंट ऐकणार नाही हो."

"मॅनेजमेंट तुम्हीच ना?"

"मी भांडार मदतनीस आहे," सुमंत पुन्हा म्हणाले. या वेळी ते बहुधा हसले.

लिंक तिने लगेच पाठवली, पत्राची वाट न बघता. प्रेमिलाबाईंना हे पटलं नाही. "तो तुले नडला, अन् तू त्याले काहून मदत करून राहिली?" नंदिनीला फक्त एवढं कळत होतं, की अकरा वर्षं किल्ली दुसऱ्याकडे असलेल्या तिजोरीची राखण करणाऱ्या माणसावर रागही पूर्ण येत नाही.

पत्र आठव्या दिवशी आलं. शाळेच्या लेटरहेडवर, शिक्क्यासह, चार स्वच्छ ओळी: नंदिनी सोमकुवर यांनी येथे दोन वर्षे भौतिकशास्त्र शिकवले. खाली ठसठशीत सही. सही करणारा कागदावर कोठीत खोकी लावणारा माणूस होता; पण सही करणाऱ्याचं कार्ड उलटून पाहायची पद्धत जगात कुठेच नाही, त्यामुळे शिक्षण खात्याने ते पत्र निमूट मान्य केलं. व्हिसा वीस मेला आला. हुद्दा: शिक्षिका.

ती निघाली त्या दिवशी रविंद्ररावांनी विमानतळावर दाराबाहेर तिच्या हातात बॅग दिली आणि विचारलं, "पासपोर्ट कोणाजवळ राह्यन?"

"माझ्याजवळ. करारात लिहून घेतलंय."

"अन् शाळा सोडाची झाली तं?"

"तीन वर्षं. मग पुन्हा यांचं सोडपत्र." नवी शाळा मोठी होती, इमारत चकचकीत होती, माणसं गोड बोलत होती, आणि व्हिसा अर्थातच शाळेचा होता. साखळी तीच, या वेळी तिच्यावर नाव बरोबर कोरलेलं होतं, एवढी प्रगती.

सुमंतांची सुनावणी जूनमध्ये झाली. मालकांनी पहिल्या तारखेला आवाज तुटत असल्याचं सांगितलं. दुसऱ्या तारखेला पासपोर्ट मिळाला. ते पुण्याला पोचल्याचं त्यांनी नंदिनीला एका ओळीत कळवलं, वर नमस्काराचे दोन हात.

नव्या शाळेत पहिल्या दिवशी तिला दहावी 'ब'चा वर्ग मिळाला. तासाला जाण्याआधी तिने नोटीस बोर्डवरच्या वेळापत्रकाचा फोटो काढला, शिक्का आणि तारीख स्पष्ट येईल असा, आणि वडिलांना पाठवला. मग वर्गात गेली, हजेरी घेतली, आणि प्रकाशाच्या धड्याला सुरुवात केली. तास संपल्यावर तिने फोन पाहिला. रविंद्ररावांचं उत्तर आलं होतं.

'मिळालं. दर महिन्याले पाठवत जा.'